वर ऑक्टोबर, खाली पावसाळा

मालवण बंदर, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतोय, पाणी सपाट आहे. गळ आणि रीळ घेऊन निघालेल्यांना वाटतं, हंगाम लागला. लागलाय, पण अर्धाच.

पावसाळ्यात इथला किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. त्याच काळात खोल समुद्रातलं थंड, कमी प्राणवायूचं पाणी तळालगत किनाऱ्याकडे चढतं. वर नद्यांचं गोडं पाणी पसरलेलं; ते हलकं, म्हणून थर मिसळत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू सगळ्यात कमी होतो. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह उलटतो, तेव्हा कुठे तळ मोकळा होतो.

म्हणून २५ मीटर खोल खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, गोब्रा-तांबोशी या तळाच्या माशांसाठी दिवसभर जिग (धातूचं जड आमिष) आपटणारे रिकामे परततात आणि दोष जिगच्या रंगाला देतात. परीक्षा सोपी आहे. जड शिसं तळाला टेकवून पाच मिनिटं राहू द्या, भराभर वर घ्या, लगेच मुठीत धरा. वरचं पाणी असतं २८-२९ अंश. शिसं थंडगार लागलं, तर तळाचा नाद सोडा.

मग सुरमई. गढूळ हिरवं पाणी संपून निळं सुरू होतं, त्या रेघेवर पेडवे-बांगड्यांचे थवे असतात. रेघ कापत जाऊ नका, तिच्या कडेकडेने चला. नकली आमिष पाच-सहा नॉट वेगाने ओढा. जिवंत बांगडा लावला असेल तर दोन नॉट पुरे. गरीच्या पुढे वीतभर पोलादी तार हवीच, सुरमईचे दात नायलॉन एका फटक्यात कापतात. तार लांब केली, तर स्वच्छ पाण्यात ती मासा बुजवते. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पावपट: ३० पौंडी दोरीला साधारण साडेतीन किलो, आणि तेही बंदरातच ताणकाट्यावर मोजून. अंदाजाने आवळलेला ड्रॅग पहिल्याच धावेत गरी उपटतो.

तळ मोकळा झाला की खडपासाठी भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस धरा, अष्टमी-नवमीच्या आसपासचे. उधाणाला दोरी तिरकी जाते, ८० ग्रॅमची जिग तळ गाठत नाही. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट तितके वाजता. अष्टमीला सहा. मासे लागतात ते पाणी फिरायच्या आधी-नंतर.

नांगर प्रवाळावर नको, कडेच्या वाळूत टाका. साखळी नांगराच्या बुडाला बांधा आणि वरच्या कडीला फक्त बारीक सुतळीने. अडकलाच तर सुतळी तुटते, नांगर उलटा सुटतो. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचं गाभा क्षेत्र मात्र पूर्ण वगळा.

खोलातून काढलेल्या गोब्र्याचं पोट तोंडातून बाहेर आलं, तर ते टोचू नका. सोडायचा असेल, तर ओठाला वजन अडकवून खालीच पोहोचवा. वर सोडलेला तरंगत मरतो.

शेवटची खबरदारी लाटांची. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ वादळाने हाच किनारा खवळला होता. इन्कॉईस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा अंदाज आदल्या रात्री बघा, पहाटे पुन्हा बघा. दोन लाटांमधलं अंतर बारा सेकंदांच्या वर असेल, तर वारा नसतानाही उथळ खडपावर लाट फुटते. अशा दिवशी होडी २० मीटर खोलीच्या बाहेर ठेवा.