ताटातली सुकट आणि दोन समुद्र

मंडळी, नांदेडहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण आठवडी बाजारात सुकट-बोंबलाचे ढीग असतातच, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

पाव किलो सुकट ताटात पातळ पसरा. बहुतेक माल जवळा, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, असतो. जवळा पुरता वाढला तरी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. लहान दिसतो म्हणून तो पिल्लू नव्हे. आता त्यात नखाएवढे चपटे, चकचकीत मासे दिसतात का पाहा. ती दुसऱ्या माशांची पिल्लं. एकदाही अंडी न घालता ती वाळून इथवर आली. मला काळजी आहे ती यांची.

पालघर-मुंबईकडे डोल नावाचं जाळं लावतात. नरसाळ्यासारखं, तोंड मोठं, टोकाकडे निमुळतं. ते एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यातून गाळलं जातं. जवळा धरायचा तर टोकाच्या खोळीचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीकच लागतात, आणि त्यातून पिल्लंही सुटत नाहीत. त्यात बोंबील मुख्यतः जवळ्यावर जगतो, म्हणून तोही तिथंच सापडतो. तरी डोलवाल्यावर सगळा दोष ढकलणं मला पटत नाही. त्याचं जाळं माशाच्या मागे धावत नाही.

ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढलं जाणारं जाळं, धावतं. इंजिनाच्या जोरावर ते तळ खरवडत जातं. त्याच्या खोळीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असेल, तर ओढ बसताच मिटतो. कांद्याची जाळीदार पिशवी दोन्ही टोकांनी ताणून बघा, नेमकं हेच होतं. मोजपट्टीवर ४० मिलिमीटर भरलेल्या आसाची पाण्यात नुसती चीर उरते. तोच आस चौकोनी बसवला, म्हणजे दोन धागे ओढीच्या दिशेनं आणि दोन आडवे, तर तो उघडा राहतो आणि पिल्लं निसटतात. न निसटलेली, बाजारात न खपणारी पिल्लं फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या, कारखान्यात जातात आणि तिथून कोंबडीखाद्यात.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. वाळलेला बोंबील आखडतो, त्यामुळे हे माप त्याला जसंच्या तसं लावू नका. पण करंगळीएवढे बोंबील ढिगानं दिसले, तर ते घेऊ नका.

आता दुसरा समुद्र. आपली सुकट पश्चिमेकडून येते, पण मराठवाड्याचं बहुतेक पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जातं. जायकवाडीसारख्या धरणांत गाळ अडतो. गोदावरीच्या मुखाशी पोचणारा गाळ १९७० च्या दशकानंतर निम्म्याहून कमी झाला. तिथला किनारा आणि खारफुटी याच गाळावर उभी आहे, आणि कोळंबीची पिल्लं त्या मुळांच्या आडोशाला वाढतात.

गाळ अडतो, विरघळलेला युरिया मात्र पाण्याबरोबर पुढे जातो. त्यावर सूक्ष्म शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं आणि कुजताना प्राणवायू खातं. तीस अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला सहा मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. तो दोनच्या खाली गेला की मासे पळतात, आणि ज्यांना पळता येत नाही ते शिंपले गुदमरतात. म्हणून कपाशीला आणि उसाला युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या, मातीत झाका, आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी पोतं उघडू नका.