ताशा वाटेत कुठे विरला?

विसर्जनाची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात काय ऐकू येतं? नुसता ढोल. ताशाची तडतड येत नाही. मिरवणूक दारात आली की तोच ताशा कान फोडतो. म्हणजे तो वाजत होता, पोचत नव्हता. जे पोचलं नाही त्यावरून वाटेत काय आहे हे ओळखायचं, हा आजचा विषय.

भूकंपाची लहर खडकातून जाताना प्रत्येक हेलकाव्याला थोडी ऊर्जा गमावते. ही गळती 'क्यू' या आकड्याने सांगतात. क्यू जितका लहान, तितकी गळती मोठी. समजा क्यू 100 आहे आणि लहर सेकंदाला 3 किलोमीटर वेगाने 15 किलोमीटर गेली. सेकंदाला एकदा हलणाऱ्या लहरीची उंची 85 टक्के उरते. सेकंदाला दहादा हलणारीची जेमतेम 21 टक्के. ढोल पोचला, ताशा गेला.

ज्वालामुखीखाली हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्कात. 1950च्या दशकात गोर्शकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की जपानकडच्या भूकंपांच्या पी-लहरी (आधी पोचणाऱ्या, दाबाच्या) क्ल्युचेव्हस्कोय ज्वालामुखीखालून येतात, पण एस-लहरी (मागून येणाऱ्या, आडव्या हेलकाव्याच्या) गायब असतात. एस-लहर द्रवातून जात नाही. तेव्हा खाली वितळलेला शिलारस, म्हणजे मॅग्मा, असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ती एका सावलीवरून बांधलेली अटकळ होती. आज शेकडो भूकंप आणि अनेक भूकंपमापक घेऊन, एकमेकांना छेदणाऱ्या वाटांवरून गळतीचा नकाशा काढतात. सीटी स्कॅनच म्हणा.

यात एक घोळ आहे. लहर कमजोर आली ती वाटेत विरली म्हणून, की मुळात भूकंपच लहान होता म्हणून? की यंत्राखालची जमीनच वेगळी? भूकंपशास्त्रज्ञ केइती आकी यांनी 1980 मध्ये यावर एक सुरेख तोड वापरली. मुख्य लहर येऊन गेल्यावर नोंदीत बराच वेळ एक थरथरती शेपूट उरते. इकडेतिकडे आपटून उशिरा पोचलेल्या लहरींची. ती भूकंपाच्या ताकदीवर आणि यंत्राखालच्या जमिनीवर अवलंबून असते, पण एका ठरावीक वाटेवर नाही. मुख्य लहरीला या शेपटीने भागलं की ताकद आणि जमीन दोन्ही कटतात. उरते ती वाट. मला हा भागाकार कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त आवडतो.

आता इटलीत, नेपल्सशेजारच्या कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखीकडे येऊ. 1982 ते 84 मध्ये पोत्सुओली गावाची जमीन सुमारे 1.8 मीटर वर आली. जवळपास 40 हजार माणसांना घरं सोडावी लागली. उद्रेक झालाच नाही. त्या काळात तिथे झालेल्या भूकंपांच्या नोंदी पुन्हा तपासून 2017 मध्ये लुका दे सिएना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की किनाऱ्याबाहेर 4 ते 4.5 किलोमीटर खोलीवर प्रचंड गळतीचा एक पट्टा आहे आणि तिथे भूकंप होतच नव्हते. जमीन फुगवणाऱ्या मुख्य स्रोताची जागाही तीच. भूकंप होत होते ते त्याच्या वर, पोत्सुओलीखाली 3 ते 4 किलोमीटरवर. पण गळती तिथेही जास्तच, आणि तिथल्या साठ्यात शिलारस नसून धड द्रव नाही, धड वायू नाही असे अतितप्त, दाबाखालचे प्रवाही पदार्थ असावेत, असा त्यांचा अर्थ.

नकाशातला जास्त गळतीचा लाल डाग पाहून 'तो बघा मॅग्मा' म्हणणाऱ्यांवर मी म्हणूनच चिडतो. वाफेने भरलेल्या भेगाही लहर गिळतात. नुसता भुगा झालेला खडक ती गिळतही नाही, चहूकडे उधळतो. यंत्रावर मात्र दोन्ही सारखंच कमी दिसतं. त्यामुळे गळतीच्या नकाशाशेजारी लहरींच्या वेगाचा नकाशा ठेवावा लागतो, जमिनीच्या उंचीची मापं आणि वायूंचं रसायनही ठेवावं लागतं.

पोत्सुओलीखालचे ते प्रवाही पदार्थ शेवटी 1538च्या उद्रेकात उभ्या राहिलेल्या मोंते नुओवो टेकडीकडे सरकले आणि ते प्रकरण निवलं, असं हेच संशोधक म्हणतात. त्यानंतर जमीन हळूहळू खाली बसत गेली. 2005 पासून ती पुन्हा वर येते आहे.