मुलग्यांशी कोण बोलणार?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे बऱ्याच शाळांत सातवी-आठवीच्या मुलींसाठी पाळीविषयी एखादा तास होतो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येतात, चित्रं दाखवतात, पॅड कसं वापरायचं, कुठे टाकायचं ते समजावतात. हा तास हवाच. पण तेवढा वेळ मुलग्यांना मैदानावर पिटाळलं जातं. आज मला त्या मैदानावरच्या मुलांविषयी बोलायचंय.

साधारण नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान मुलगा वयात यायला लागतो. मिसरूड फुटली की आपल्या लक्षात येतं, पण तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. आधी वृषण वाढतात, मग शिश्न, मग केस येतात, उंची भराभर वाढते, आवाज फुटतो. या काळात कित्येक मुलांच्या छातीत छोटीशी गाठ येते, धक्का लागला की दुखते. हार्मोन्समुळे येते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत जिरूनही जाते. पण ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही, तो सगळ्यांसमोर शर्ट काढायचं टाळतो, विहिरीवर पोहायला जायचं बंद करतो. कधी झोपेत वीर्य बाहेर पडून चड्डी ओली होते. हे निरोगी शरीराचं लक्षण आहे, त्याने अशक्तपणा येत नाही. मुलाला मात्र वाटतं की आपल्याला काहीतरी रोग झालाय. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची ‘कमजोरी’वरच्या उपायांची जाहिरात त्याने वाचलेली असते, आणि उरलेलं त्याला मोबाईल शिकवतो. मोबाईलवर तो जे बघतो त्यात समोरच्या व्यक्तीला विचारणं, थांबणं, तिची इच्छा, यातलं काहीच नसतं.

आपल्या राज्यात हे सांगू पाहणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. त्यानंतर सत्तर-एक वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांसाठीच्या, लैंगिक शिक्षणाचा समावेश असलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर महाराष्ट्राने बंदी घातली. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

त्याच २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा एक अभ्यास आला. १३ राज्यांतल्या सुमारे १२ हजार मुलांशी बोलून केलेला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. बहुतेकांनी ते कुणाजवळ बोललेलं नव्हतं. ‘मुलगा आहेस, रडतोस काय’ असं ऐकत वाढलेलं पोर बोलणार तरी कुणाजवळ?

म्हणून सुरुवात लहानपणीच करायला हवी, वयाला झेपेल तेवढीच. तीन-चार वर्षांच्या मुलाला नाक-कानासारखीच बाकीच्या अवयवांचीही खरी नावं सांगा. पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’ असा आग्रह धरू नका. त्याला नमस्कार करायचा असेल तर नमस्कार करू दे. गुदगुल्या करताना मूल ‘पुरे’ म्हणालं की तिथेच थांबा. आपल्या ‘पुरे’ला मोठी माणसं मान देतात हे ज्याला कळलं, त्याला दुसऱ्याच्या ‘नको’चा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शरीरात होणारे बदल ते व्हायच्या आधीच सांगा, आणि बहिणीला पाळी येते म्हणजे काय होतं तेही सांगा. तेरा-चौदाच्या मुलाशी मैत्रिणीच्या फोटोंबद्दल बोला: तिला न विचारता काढायचा नाही, कुणी पाठवला तर पुढे ढकलायचा नाही. वडिलांनी बोललं तर फारच उत्तम. बाबा अडखळले तरी चालेल, मुलाला तेवढं समजतं.

आणि एखाद्या दिवशी त्याने आपल्या छळाविषयी काही सांगितलंच, तर पहिलं वाक्य एवढंच असू द्या: ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही.’ खोदून खोदून विचारू नका. मुलांना लैंगिक छळापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सारखाच लागू आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो माणूस घरातला का असेना. जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, हेही त्याच कायद्यात आहे. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८, दिवस-रात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मूल स्वतःही फोन करू शकतं. शरीराविषयीच्या शंकांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. तिथे मुलग्यांनीही जायचं असतं.