शुक्रवार, संध्याकाळी सात : एक चॅनेल, दोन मालक

श्रोतेहो, नमस्कार.

१९६८ नंतरच्या लंडनमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी सातला एक गंमत व्हायची. घरातला टीव्ही जाहिरातींच्या चॅनेलवर लावलेला असायचा. बटणाला कोणी हात लावायचं नाही, तरी पडद्यावरचं बोधचिन्ह बदलायचं, निवेदक बदलायचा आणि त्या क्षणापासून जाहिरातींचे पैसे दुसऱ्याच कंपनीच्या गल्ल्यात पडू लागायचे. सोमवारपासून शुक्रवारी सातपर्यंत थेम्स टेलिव्हिजन, तिथून रविवार रात्रीपर्यंत लंडन वीकेंड टेलिव्हिजन. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. एकाच शहरातलं एकच चॅनेल असं वारांनी वाटून का दिलं, ते आज पाहू.

मुंबईकराला हा प्रकार फार परका वाटू नये. नाक्यावरची एखादी टपरी सकाळी पोहे-उपमावाल्याची आणि संध्याकाळी चायनीजवाल्याची असते. भाडं दोघंही एकाच मालकाला भरतात. पण सकाळी गेलात तर पोहेच मिळणार आणि रात्री गेलात तर नूडल्सच. धंदे दोन असले, तरी गिऱ्हाइकाला त्या त्या वेळी पर्याय एकच. लंडनच्या वाटणीतली खरी मेख इथेच आहे.

ब्रिटनमध्ये १९५४ च्या टेलिव्हिजन कायद्याने बीबीसीची मक्तेदारी संपवली आणि इंडिपेंडंट टेलिव्हिजन अथॉरिटी नावाची सरकारी संस्था उभी केली. ट्रान्समीटर या अथॉरिटीच्या मालकीचे. कंपन्यांनी कार्यक्रम पुरवायचे, जाहिरातींची वेळ विकायची आणि अथॉरिटीला भाडं द्यायचं. प्रायोजित कार्यक्रमांना बंदी होती. जाहिराती सरासरी तासाला सहा मिनिटं, त्याही कार्यक्रमातल्या स्वाभाविक विरामातच. कायद्यात आणखी एक अट होती: कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्या पैसा आणि ताबा या दोन्ही बाबतींत एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात आणि त्यांच्यात पुरेशी स्पर्धा राहील, असा अथॉरिटीने प्रयत्न करावा.

आता अडचण अशी, की स्पर्धा लावायची तर एका शहरात दोन चॅनेल हवीत, आणि तेवढ्या लहरीच मोकळ्या नव्हत्या. बीबीसी बँड एकवर, म्हणजे लहरींच्या एका ठरलेल्या पट्ट्यावर होती, नव्या सेवेला बँड तीनमधल्या मोजक्या लहरी मिळाल्या. एकच लहर जवळजवळच्या दोन शहरांत वापरली, तर मधल्या गावांत दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. लंडनला दोन लहरी द्यायच्या, तर दुसऱ्या कुठल्या तरी भागाने उपाशी राहायचं. शिवाय घरोघरचे जुने संच बँड एकपुरतेच. नवं चॅनेल दिसायला कन्व्हर्टर आणि वेगळी अँटेना लागायची.

जागा वाटता येत नव्हती, म्हणून वेळ वाटली. २२ सप्टेंबर १९५५ ला लंडनमध्ये सेवा सुरू झाली, तेव्हा सोमवार ते शुक्रवार असोसिएटेड-रेडिफ्यूजनकडे होते आणि शनिवार-रविवार एटीव्हीकडे. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पट्ट्यात आठवड्याचे वार एटीव्हीला मिळाले आणि शनिवार-रविवार एबीसीला. उत्तर इंग्लंडमध्ये वार ग्रॅनडाचे, शनिवार-रविवार पुन्हा एबीसीचे. ही मांडणी कागदावर काढून बघा. तीन प्रदेश, चार कंपन्या आणि एकाही कंपनीकडे कुठल्याही प्रदेशाचा अख्खा आठवडा नाही. परिणामी कोणालाही एकट्याने निभावता येईना. कार्यक्रम बनवायचा खर्च मोठा, त्यामुळे प्रत्येकीला आपला माल दुसरीला विकावाच लागे. सुरुवातीला तोटाही दणदणीत झाला. असोसिएटेड-रेडिफ्यूजनमधला आपला बहुतेक हिस्सा असोसिएटेड न्यूजपेपर्सने १९५६ मध्येच विकून टाकला. नंतरच्या वर्षांतला नफा पाहता तो सौदा फारच घाईचा ठरला.

१९६८ मध्ये अथॉरिटीने कंत्राटं नव्याने वाटली. बर्मिंगहॅमला सातही दिवसांची एकच कंपनी मिळाली. उत्तरेचे ग्रॅनडा आणि यॉर्कशायर असे दोन प्रदेश झाले, तेही सात दिवसांचे. वारांची वाटणी उरली ती एकट्या लंडनमध्ये. कारण पैशाचं होतं. लंडनचा जाहिरात बाजार इतका मोठा, की सातही दिवस एकाच कंपनीला दिले असते तर देशभरच्या जाळ्यात कुठला कार्यक्रम कधी लावायचा हे तीच ठरवू लागली असती, आणि लंडनमध्ये जाहिरात करायची तर भावही तिचाच. दोन कंपन्या असल्या की जाहिरातदार निदान म्हणू शकतो, गुरुवारचा दर परवडत नाही, मी शनिवारी जातो. ही वाटणी जाहिरातदाराच्या सोयीची होती, हे स्पष्ट म्हणायला हवं. प्रेक्षकाला सोमवारी थेम्स नको असेल, तर त्याच्यापुढे बीबीसीच होती.

रेघ शुक्रवारी सातवर ओढण्यामागे हिशेब होता. नुसत्या शनिवार-रविवारवर कंपनी तगणं कठीण, म्हणून शुक्रवारची कमाईची संध्याकाळ तिच्या पदरात टाकली. तरी लंडन वीकेंडचे हाल झालेच. २ ऑगस्ट १९६८ ला पहिल्याच रात्री कर्मचाऱ्यांच्या संपामुळे पडदा कोरा पडला. पुढचं दुखणं जास्त खोल होतं. अडीच दिवसांच्या मिळकतीत स्टुडिओ, कलाकार आणि विक्री विभाग पूर्ण आठवड्याच्या कंपनीसारखे पोसायचे, आणि वर कंत्राट मिळवताना कबूल केलेले उच्च अभिरुचीचे कार्यक्रमही दाखवायचे. शनिवारी रात्री ते लावायला इतर प्रदेशांतल्या कंपन्या नाखूश. १९६९ मध्ये व्यवस्थापकीय संचालकाला काढलं, त्यापाठोपाठ वरिष्ठांचे राजीनामे आले. १९७१ मध्ये जॉन फ्रीमन अध्यक्ष झाले, त्यानंतर गाडी रुळावर आली. १९८२ मध्ये हस्तांतराची वेळ आणखी अलीकडे, सव्वापाचला आणली.

१९९० च्या कायद्याने कंत्राटांच्या जागी लिलावातले परवाने आणले. बंद पाकिटात वार्षिक बोली, पण आधी दर्जाची चाळण. १९९१ मध्ये लंडनच्या वारांसाठी कार्लटनने सुमारे ४ कोटी ३२ लाख पौंड बोलले, थेम्सने सुमारे ३ कोटी २८ लाख; थेम्स बाद. शनिवार-रविवारसाठी लंडन वीकेंडची बोली जेमतेम ७६ लाख, समोरच्याची ३ कोटी ५४ लाख. पण समोरचा दर्जाच्या चाळणीत अडकला आणि लंडन वीकेंड स्वस्तात सुटली. मग कंपन्या एकमेकींना गिळू लागल्या. १९९४ मध्ये ग्रॅनडाने लंडन वीकेंड घेतली, २००४ मध्ये ग्रॅनडा आणि कार्लटन एक झाल्या, आणि लंडनचे दोन्ही परवाने एकाच घरात आले.

मुंबईनेही वेळेची वाटणी थोडा काळ पाहिली आहे. १९९३ पासून आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे तास खाजगी कंपन्यांना विकले. लहर एकच, कंपन्या पाळीपाळीने. १९९८ मध्ये ते थांबलं. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला होता, आणि पुढे खाजगी केंद्रांसाठी लहरींचे लिलाव झाले. एफएममध्ये लंडनसारखी टंचाई नाही. एका शहरातल्या दोन केंद्रांत ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवलं की भागतं. रेडिओचा काटा ९१.१ वरून ९१.९, ९२.७, ९३.५ असा सरकवलात, तर ते अंतर तुम्हाला कानानेच मोजता येईल.

लहरी पुरेशा असल्या की वार वाटावे लागत नाहीत, मालक मोजले की झालं. २००५ च्या सरकारी एफएम धोरणात एका शहरात एका कंपनीला एकच केंद्र घेता येत होतं. २०११ च्या धोरणाने ते सैल केलं: शहरातल्या एकूण केंद्रांपैकी ४० टक्क्यांपर्यंत एका कंपनीला, मात्र शहरात किमान तीन वेगवेगळे चालक हवेत. दहा केंद्रं असतील तर एकीला चार. चारच असतील तर ४० टक्के म्हणजे १.६, ते जवळच्या पूर्णांकात धरून दोन. हा नियम केंद्रं मोजतो, पैसा मोजत नाही. चार केंद्रांवर दहापैकी सात जाहिराती जात असल्या, तरी तो मोडत नाही, आणि मोठ्या जाहिरातदाराशी भाव ठरवताना त्याच चार केंद्रांचा मालक वरचढ ठरतो. नमस्कार.