दुसरी बॅटरी आणि मधली केबल

मित्रहो, मुक्कामाच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या ट्रकात पुढची इंजिनाची आणि मागची फ्रिज-दिव्यांची अशा दोन बॅटऱ्यांच्या मध्ये काय बसवावे, रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) की चार्जर, हा आजचा जाहीर विषय आहे. दुसरी बॅटरी का लागते, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. सेल्फला काही सेकंद शेकडो अँपिअर पुरवण्यासाठी घडवलेल्या पातळ प्लेटांच्या बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवला, तर सकाळी इंजिन उठत नाही आणि हे वरचेवर घडले, तर ती बॅटरी अकाली बाद होते.

विषयाला हात घालण्यापूर्वी मात्र मला केबलबद्दल बोलायचे आहे, कारण तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका ट्रकाची मागची बॅटरी कधीच पुरती भरत नव्हती, म्हणून मालकाने ती बदलली आणि नवीही तशीच वागू लागली. इंजिन चालू ठेवून मीटर लावला, तेव्हा पुढे 14.2 व्होल्ट होते आणि मागे जेमतेम 13. गॅरेजने बॅटरी उत्तम दिली होती, पण केबल टाकली होती 6 चौरस मिलिमीटरची. पाच मीटर जाणे आणि पाच मीटर येणे, अशा दहा मीटर तांब्याचा रोध साधारण 0.03 ओहम भरतो, आणि त्यातून 40 अँपिअर वाहू लागले की 1.2 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरी भरत आली की प्रवाह उतरतो आणि ही तूटही घटते, हे खरे. पण तोवर मुक्काम येतो, इंजिन बंद होते, आणि रोज अर्धपोटी राहणाऱ्या शिशाच्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जाते. त्याच जागी 35 चौरस मिलिमीटरची केबल असती, तर तूट 0.2 व्होल्टवर आली असती.

त्याहून संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. इंजिनामागच्या पत्र्यातून ती केबल आत येत होती तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे संरक्षक कडे, नव्हते. हादऱ्यांनी लाल आवरण एका बाजूने तासल्यासारखे झिजले होते आणि आतले तांबे चमकत होते. फ्यूज होता, पण फक्त पुढच्या बॅटरीपाशी. विचारल्यावर उत्तर मिळाले, 'फ्यूज आहे की.' अहो, या केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे! ते तांबे पत्र्याला टेकले असते, तर पुढचा फ्यूज उडाला असता आणि मागच्या बॅटरीने केबल लाल होईपर्यंत प्रवाह ओतला असता. फ्यूज दोन्हीकडे हवेत, तेही टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण 13.3 व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि 12.8 च्या आसपास तोडतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र, सतत 14 च्या वर देत असेल आणि दोन्ही बॅटऱ्या शिशाच्या असतील, तर तो स्वस्त आणि पुरेसा आहे. पण अनेक नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो आणि मग रिले वाटेतच सुटतो. तिथे डीसी-डीसी चार्जरच हवा, म्हणजे पुढून येणारे व्होल्टेज कमी असले तरी मागच्या बॅटरीला हवे तेवढे करून देणारा. मागे लिथियम असेल तरीही माझे मत चार्जरच्याच बाजूने आहे, कारण कमी अंतर्गत रोधामुळे ती बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि कमी वेगात फिरणारा अल्टरनेटर तापतो. चार्जर त्या ओढीला मर्यादा घालतो. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, हेही ध्यानात असू द्या.

चार्जर मागच्या बॅटरीजवळ बसवा. 40 अँपिअरचा चार्जर 14.4 व्होल्टने देतो, तेव्हा 12.5 व्होल्टच्या बाजूने तो 50 च्या आसपास अँपिअर ओढतो. म्हणून पुढचा फ्यूज 40 चा नको, 60 चा हवा आणि केबल त्याहून जास्त प्रवाह पेलणारी हवी.