बिल मालकाच्या नावाचे, वीज भाडेकरूची

भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या हाती अवाच्या सवा वीजबिल पडले, की त्याच्या तोंडून बहुधा पहिले वाक्य निघते ते असे : ‘मीटर माझ्या नावावर नाही, मग मी तक्रार तरी कोणत्या नात्याने करू?’ घरमालकाला फोन करावा, तर तो म्हणतो, ‘वीज तुम्ही वापरलीत, बिलही तुम्हीच भरा.’ या दोन वाक्यांच्या कात्रीत सापडलेला भाडेकरू शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो. मला आज आपल्यासमोर मांडायचे आहे ते हेच, की त्या पहिल्या वाक्याला कायद्याचा आधार नाही. विद्युत अधिनियम, २००३ मधील ग्राहकाची व्याख्या केवळ बिलावर नाव असलेल्या माणसापाशी थांबत नाही. ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे, अशा व्यक्तीलाही ती सामावून घेते. त्याच कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा जागेत राहणारा, यांपैकी कोणीही अर्ज केला तरी वीज पुरवणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य ठरते. तेव्हा आपण तक्रार करू शकतो, हे मनाशी पक्के करूनच बिल हातात घ्यावे.

आणि बिल हातात घेतल्यावर रकमेकडे नव्हे, तर रीडिंगकडे आधी पाहावे. चालू रीडिंग, मागील रीडिंग, या दोन्हींमधला फरक म्हणजे वापरलेले युनिट, आणि त्यांच्या शेजारी छापलेला मीटर क्रमांक, एवढ्या चार गोष्टी नीट पाहिल्या, तर बिल का फुगले याचा अर्धा उलगडा तिथेच होतो. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा असेल, तर ते बिल मीटर पाहून काढलेले नाही, सरासरीने काढलेले आहे, असे समजावे. घर बंद होते, मीटर खोलीला कुलूप होते, अशा कारणांनी काही महिने सरासरी बिल येत राहते, आणि मग एके दिवशी प्रत्यक्ष रीडिंग घेतले जाते, तेव्हा राहिलेले सगळे युनिट एकाच बिलात कोसळतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रीडिंग थांबले आणि जूनमध्ये महाराष्ट्रभर लोकांच्या हाती जी बिले आली, त्यांच्यामागे मुख्यतः हेच होते. भाड्याच्या घरात मात्र याला एक जास्तीचा पदर असतो. ज्या महिन्यांत रीडिंग झाले नाही त्या महिन्यांत घरात आधीचा भाडेकरू राहत असेल, तर त्याने वापरलेली वीज आपल्या पहिल्या खऱ्या बिलात येऊन बसते, आणि आपण मात्र स्वतःच्याच फ्रीजवर संशय घेत राहतो.

साचलेल्या युनिटांचा दुसरा फटका दराचा असतो, आणि तो लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढच्या २०० युनिटांचा जवळजवळ दुप्पट, आणि पुढे आणखी जास्त. समजा चार महिन्यांत ४८० युनिट वापरले गेले. ते महिन्याला १२० असे विभागले, तर ४०० युनिट स्वस्त टप्प्यात बसतात. तेच ४८० युनिट एका महिन्याचे म्हणून आकारले, तर फक्त १०० युनिट स्वस्त दराने लागतात आणि बाकीचे ३८० वरच्या दरांनी. म्हणून साचलेले बिल आले, की ‘हे युनिट इतक्या महिन्यांचे आहेत, ते त्या महिन्यांवर विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा’ अशी लेखी मागणी करावी. नुसते ‘बिल जास्त आले आहे’ असे लिहिलेल्या अर्जाला दाद मिळत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असे लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

रीडिंग बरोबर आहे, महिनाही एकच आहे, तरी युनिट जास्त आहेत, अशी स्थिती असेल तर मीटरपाशी जावे. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी मुंबईच्या उपनगरात एका जुन्या इमारतीत भाड्याने राहत होतो. दिवसभर घर बंद, घरात एसी नाही, आणि तरी बिल माझ्या आधीच्या घराच्या तिप्पट येत होते. तीन महिने मी गीझरला दोष दिला. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो, हे गणित तेव्हा मांडले असते, तर रोजच्या एका अंघोळीने एवढे बिल होणे शक्य नाही हे मला पहिल्याच महिन्यात कळले असते. शेवटी एका रात्री घरातला मेन स्विच बंद करून मी बॅटरी घेऊन जिन्याखालच्या मीटर खोलीत उतरलो. कोळिष्टकांनी भरलेल्या लाकडी फळीवर मीटरांची ओळ होती आणि प्रत्येकाखाली खडूने घराचा क्रमांक लिहिलेला होता. माझ्या क्रमांकाच्या मीटरवरचा तांबडा दिवा, घरात मिट्ट काळोख असताना, लुकलुकतच होता. त्याच्या शेजारच्या मीटरचा दिवा मात्र थांबला होता.

दोन मीटरांच्या तारा पूर्वी कधीतरी दुरुस्तीच्या वेळी अदलाबदल झाल्या होत्या; कोणी केल्या, ते शेवटपर्यंत कळले नाही. शेजारच्या घरातल्या आजी माझे बिल भरत होत्या आणि मी त्यांच्या पाच माणसांच्या कुटुंबाचे. त्यांना हे सांगायला जाणे हीच त्या सगळ्या प्रकरणातली अवघड गोष्ट होती, कारण माझी सुटका म्हणजे त्यांच्यावर फरकाचा बोजा. आम्ही दोघांनी मिळून एकच अर्ज दिला, आणि त्यांचा फरक हप्त्यांनी घ्यावा अशी विनंती त्यातच केली.

या तपासणीला इलेक्ट्रिशियन लागत नाही. मीटरवर बहुधा ‘३२०० इम्पल्स’ असे छापलेले असते. म्हणजे एका युनिटमागे दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातले सगळे बंद करून १०० वॅटचा एकच जुना बल्ब लावला, तर दिवा साधारण दर ११ सेकंदांनी लुकलुकायला हवा. तो फारच भराभर लुकलुकत असेल, तर मीटर तपासणीचा अर्ज करावा. मेन स्विच बंद असतानाही लुकलुकत असेल, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या दरम्यान कोणाची तरी तार जोडलेली आहे किंवा मीटर आपले नाही. कोणत्याही परिस्थितीत मीटरला किंवा तारांना स्वतः हात लावू नये. त्यात जिवाला धोका आहे, आणि सील तुटलेले आढळले तर तक्रारदारावरच वीजचोरीचा संशय येतो.

आता पैशांचे. तक्रार प्रलंबित असताना वीज तोडतील, या भीतीने लोक पूर्ण रक्कम भरतात. विद्युत अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि वादग्रस्त रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘निषेध नोंदवून’ हे शब्द अर्जात लिहिलेले असावेत आणि पोच घ्यावी. कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, अशी पुढची वाट आहे. अर्जासोबत मालकाचे संमतिपत्र जोडावे. कायद्याने आपण ग्राहक असलो, तरी त्या एका कागदाने खिडकीवरचे पुष्कळ वाद टळतात, आणि समंजस मालक ते नाकारत नाही, कारण थकबाकी शेवटी त्याच्याच जोडणीवर राहते.

बिलाबरोबर कधी कधी अतिरिक्त सुरक्षा ठेवीची वेगळी मागणी येते, आणि तीही वीजवापराचीच समजून भाडेकरू भरून टाकतो. ती ठेव मालकाच्या खात्यावर जमा होते आणि तिचे व्याजही त्याच्याच बिलात वजा होते. म्हणून ती आपण भरली असल्यास पावती ठेवून भाड्यातून वळती करून घ्यावी.

यातले बहुतेक प्रश्न किल्ली हातात घेतल्या दिवशीच मिटवता येतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. त्याच करारात मीटर क्रमांक, त्या दिवशीचे रीडिंग आणि मागची थकबाकी नसल्याचे एक वाक्य घालायला एजंटाला पाच मिनिटे लागतात. मीटरचा फोटो काढावा, त्यात क्रमांक आणि आकडे दोन्ही वाचता यावेत, आणि तो मालकाला त्याच दिवशी पाठवावा. मेन स्विच बंद करून दिवा थांबतो का, तेही मालकाच्या देखतच पाहून घ्यावे. घर सोडताना हेच पुन्हा करावे, म्हणजे आपल्यामागून येणाऱ्याच्या पहिल्या बिलात आपले युनिट जाणार नाहीत.