वाऱ्यासारखं येणारं पुरळ

श्रोतेहो, नमस्कार. अंगावर पित्त उठणं काय असतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी सोसलं असेल. रात्री अंथरुणाला पाठ टेकावी आणि पोटावर, मांड्यांवर लालबुंद गांधी उठाव्यात. खाजवावं तितक्या त्या पसरतात. आमची आजी आमसुलं भिजत घालायची आणि ते गार पाणी अंगाला लावायची. सकाळी पाहावं तर अंग स्वच्छ!

हे उठणं आणि विरणं चीनमधल्या जुन्या वैद्यांनी फार बारकाईनं पाहिलं होतं. त्यांनी या दुखण्याला नाव दिलं ‘यिन-चेन’, म्हणजे लपणारं पुरळ. दोष दिला वाऱ्याला, कारण ते वाऱ्यासारखंच येतं, जागा बदलतं आणि निघून जातं. आपल्या माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातही शीतपित्ताचं, म्हणजे याच दुखण्याचं, मूळ गार वाऱ्याच्या स्पर्शात सांगितलं आहे. दोन्हीकडच्या वैद्यांची नजर एकाच गोष्टीवर पडावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सातव्या शतकात, थांग राजवटीत, सुन स्समियाओ नावाचे थोर वैद्य होऊन गेले. लोक त्यांना ‘औषधांचा राजा’ म्हणत. यिन-चेनवर त्यांनी सांगितलेला उपाय एका ओळीचा आहे : दोन्ही ‘छ्यूछी’ बिंदूंवर डाग द्या, वय जितकं तितक्या वेळा. छ्यूछी म्हणजे वाकडं तळं; अंगावरच्या उपचाराच्या एका ठरावीक जागेचं, बिंदूचं, हे नाव. कोपर दुमडून पाहा. घडी बाहेरच्या अंगाला जिथं संपते, तिथं हा बिंदू.

डाग म्हणजे तापवलेली सळई नव्हे बरं का. जोतिबाला आपण दवणा वाहतो ना, त्याच्याच जातकुळीतल्या एका वनस्पतीची पानं वाळवायची, कुटायची, चाळायची. देठ-शिरा गेल्या की पिंजलेल्या कापसासारखा मऊ भुगा उरतो. चिमटीत दाबून त्याचा इवलासा शंकू करायचा, कातडीवर ठेवायचा, टोक पेटवायचं. हा मॉक्सा. चाळिशीच्या माणसाला असे चाळीस शंकू! पुष्कळदा फोड यायचा, वण कायमचा राहायचा.

पुढं सुया टोचून उपचार करणाऱ्या, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरच्या, वैद्यांनी गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूचा ‘रक्ताचा समुद्र’ हा बिंदूही धरला. त्यांचं म्हणणं असं, की वारा घालवायचा तर आधी रक्ताकडे बघा. रक्त वाहतं झालं की वारा आपोआप शमतो.

आज आपल्याला ठाऊक आहे, की त्वचेतल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, त्यानं गांध उठते, आणि एकेक गांध बहुधा चोवीस तासांत आपली आपण विरते. आजीच्या आमसुलाला आणि त्या शंकूंना मिळालेलं बरंचसं श्रेय या विरण्याचं आहे, असं मी मानतो. २०२३ साली चीनमधल्या ३३० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार पित्त उठणाऱ्यांना खऱ्या सुयांनी खोट्या, म्हणजे नुसत्या देखाव्यापुरत्या टोचलेल्या, सुयांपेक्षा थोडा जास्त आराम पडला, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता.

आणि ओठ, जीभ सुजली, श्वास अडकू लागला, तर ना सुई, ना आमसूल. तडक दवाखाना गाठा. नमस्कार.